भरतीच्या रेषेपासून चारशे मीटर

४ जून

प्रिय खेकड्या,

आशीर्वाद आहेतच. खुशालीचं म्हणशील, तर आम्ही सध्या फार सुरक्षित आहोत. एवढी सुरक्षितता या बेटाच्या वाट्याला कधी आली नव्हती. मोबाइलचा मनोरा लष्करी तळावरच्या यंत्रांना त्रास देतो म्हणून तो बंद केला, म्हणून हे पत्र. पत्रंही तळावर उघडून वाचतात म्हणे. तेव्हा पाकीट उघडणाऱ्या साहेबांनाही माझा नमस्कार. अक्षर लागलं नाही तर निरोप पाठवा, मी येऊन वाचून दाखवीन.

आता मुद्द्याचं. परवाच्या भरतीला पाणी स्वयंपाकघराच्या पायरीला लागलं. आई दारात भाजी निवडत बसली होती. तिने पाय वर घेतले आणि निवडत राहिली. म्हणाली, "आली आपली पाळी."

तुला ऑफिसातल्या पंख्याखाली बसून विसर पडला असेल, म्हणून आठवण करून देते. आपल्या वाडीत समुद्राशी कोणी हुज्जत घालत नाही. पहिल्या ओळीतल्या घरात पाणी शिरायला लागलं की ते घर उतरवायचं, खांब, फळ्या, पत्रे, सगळं, आणि शेवटच्या ओळीच्या मागे नेऊन पुन्हा उभं करायचं. पुढच्याला मागच्याने जागा द्यायची, एवढाच नियम. मागचे लोक झुडपं काढून जागा साफ करून देतात. कोणी सातबारा मागत नाही, कोणी तोंड वाकडं करत नाही. म्हणून तर आपल्या घरांना सिमेंट नसतं, नटबोल्ट असतात. तू शाळेत होतास तेव्हा आपलं घर शेवटच्या ओळीत होतं. बसल्या जागी ते आता पहिल्या नंबरात आलंय. एवढी बढती तुलाही मिळाली नसेल.

तर शेवटच्या ओळीच्या मागे, जिथे आता आपण जायचं, तिथे कुंपण उभं राहिलंय. लोखंडी खांब, काटेरी तार आणि पाटी: "संरक्षित क्षेत्र. आत शिरल्यास गोळी घालण्यात येईल." आत काय आहे म्हणशील, तर गवत. नीट वाढलेलं, उत्तम संरक्षण मिळालेलं गवत. धावपट्टी आणि रडार पार डोंगराच्या बाजूला आहेत. शत्रू अजून आलेला नाही. समुद्र मात्र दिवसातून दोनदा येतो आणि त्याच्यासाठी कोणी पाटी लावलेली नाही.

हे कुंपण घालणाऱ्या सुरक्षा खात्यातच तू बसतोस. कुंपण एका घराएवढं मागे घ्यायला सांग, बस्स. ऑगस्टच्या अमावास्येला मोठी भरती आहे. तोवर घर मागे गेलं नाही तर ते पुढे जाईल, आणि पुढे फक्त पाणी आहे.

तुझे भावोजी होड्यांच्या इंजिनात डोकं घालून बसलेत. त्यांचा नमस्कार समज.

तुझी ताई


१५ जून

ती. ताई,

नमस्कार. पहिली विनंती अशी की पत्रात खेकड्या लिहू नकोस. पाकिटं उघडणारा विभाग आमच्याच खात्याचा आहे. परवा जिन्यात एक शिपाई माझ्याकडे बघून हसला. लहानपणी मी विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर न देता आडवा निघून जायचो, हे सगळ्या देशाला कळायची गरज नाही.

कुंपणाबद्दल तुमचा गैरसमज झालेला दिसतो. बेट किती मोक्याच्या जागी आहे याची तुम्हाला तिथे राहून कल्पना येणार नाही. इथे आमच्या भिंतीवर मोठा नकाशा आहे, त्यात ते फार स्पष्ट दिसतं. तुला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नकोस: त्या आदेशाचा मसुदा मीच केलाय. वरिष्ठ तर वाडीला दोनशे मीटरच ठेवा म्हणत होते. मी हट्टाने चारशे करून घेतले. समितीतल्या सगळ्यांनी एका बैठकीत सह्या केल्या, कोणी एक शब्द बदलला नाही. साहेब म्हणाले, "बेटाची माहिती असलेला माणूस खात्यात हवाच." या वर्षी अवर सचिव होण्याची लक्षणं आहेत.

कुंपण एका घरासाठी हलवता येत नाही. आज तुमच्यासाठी हलवलं तर उद्या प्रत्येक जण समुद्राची सबब सांगेल. मात्र मुख्य भूमीवर पुनर्वसन वसाहत तयार आहे. तुम्हाला चौथा मजला मिळू शकतो. लिफ्ट मंजूर झालेली आहे. अर्ज योग्य मार्गाने करावा.

पाणी आत येतंय, हा विषय आमच्या खात्याचा नाही. तो पर्यावरण खात्याकडे येतो. त्यांना लिही.

आईला दारात बसू देऊ नकोस. तिची काळजी वाटते.

तुझा भाऊ


२९ जून

प्रिय खेकड्या,

शिपायाला माझाही हसून नमस्कार सांग.

चौथ्या मजल्याचं वाचून भावोजींनी एकच विचारलं, होडी कोणत्या मजल्यावर बांधायची? लिफ्ट मंजूर झाली आहे हे कळल्यावर आईला फार बरं वाटलं. ती म्हणाली, आपल्या बेटाला दवाखानाही मंजूर आहे, मी लहान असल्यापासून.

पर्यावरण खात्याला मी तू सांगायच्या आधीच लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलंय: संरक्षित क्षेत्राजवळची माहिती त्यांना मिळत नाही, तरी आपण सुरक्षा खात्याकडे विचारणा करावी. म्हणजे तुझ्याकडे. बघ, फिरून घरातच आलं सगळं.

तू नकाशात बघतोस म्हणून इथलं थोडं सांगते. धावपट्टीला वाळू लागली, ती तळाने उत्तरेच्या दांड्यावरून उचलली. तोच दांडा, ज्याच्यावर लाटा फुटायच्या आणि वाडीपर्यंत नुसता फेस यायचा. आता दांडा नाही, लाट सरळ घरी येते. खाडीच्या तोंडाशी खारफुटी होती, ती रडारच्या आड येते म्हणून कापली. पूर्वी चार-पाच वर्षांनी एखादं घर मागे जायचं. आता दोन वर्षांत तिसरं निघालंय. आमचं रक्षण करायला आलेल्यांनी आमच्या अंगावरचं पांघरूण काढून स्वतःच्या खाली अंथरलं, आणि वर आम्हाला थंडी का वाजते म्हणून विचारतात.

ते असो. मी तळावर गेले होते. तिथले मोठे साहेब फाटकाशीच भेटले. माणूस उंच, इस्त्रीचा, बोलायला सभ्य. म्हणाले, "बाई, मी कुंपण घातलं नाही, मला आदेश आला तिथे घातलं." फाटकाच्या बाजूला काचेच्या चौकटीत तो आदेश लावलाय. मी वाचला. तू लिहिलेला म्हणून कौतुकाने वाचला. त्यात आहे: "भरतीच्या रेषेपासून चारशे मीटरपर्यंतची जमीन रहिवाशांकडे राहील व त्यापलीकडे कुंपण घालण्यात येईल."

अरे खेकड्या, भरतीच्या रेषेपासून?

सगळं जग जमीन रस्त्यापासून मोजतं, दगडापासून मोजतं, डोंगरापासून मोजतं. पाण्यापासून मोजणारे आपणच. घर पाण्यापासून किती, विहीर पाण्यापासून किती, शाळा पाण्यापासून किती. तू तिकडे जाऊन टाय लावायला लागलास, पण लिहायला बसलास तेव्हा हाताने आपसूक वाडीचीच पट्टी काढली. मला खरंच भरून आलं. त्या बैठकीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, ही रेषा जागची हलते की काय. सह्या करताना चहा चांगला असावा.

भावोजींनी दोरी लावून मोजलं. भरतीच्या आताच्या रेषेपासून कुंपण साडेतीनशेसुद्धा भरत नाही. आदेश निघाल्यापासून पाणी आत आलं तेवढं कुंपणाने मागे जायला हवं होतं, ते गेलेलं नाही. मी साहेबांना विचारलं. त्यांनी आदेश वाचला, टोपी काढली, पुन्हा वाचला. म्हणाले, "असं असेल तर कुंपण चुकीच्या जागी आहे. मी मोजून घेतो."

म्हणजे तुझ्या एका वाक्याने घर वाचतंय. आई सगळ्या वाडीला सांगत फिरतेय की माझ्या मुलाने युक्ती केली. मी तिला खरं काय ते सांगितलेलं नाही.

तुझी ताई


४ जुलै

ताई,

हे पत्र टपालाने न पाठवता लाँचवाल्याच्या हाती देतोय. वाचून फाडून टाक.

तू हे काय करून बसलीस? ती युक्ती नाही, चूक आहे. आदेशात नकाशावरचे आकडे हवे होते. तळाच्या साहेबांनी वर विचारणा केली तर पहिला प्रश्न येणार, मसुदा कोणाचा. दुसरा येणार, मसुदा करणाऱ्याची बहीण कुठे राहते. याला इथे चूक म्हणत नाहीत ताई, संगनमत म्हणतात. चौकशी लागेल. बढती जाईल ती जाईल, नोकरी आणि हे सरकारी घरही जाईल. आम्ही रस्त्यावर येऊ.

तू फक्त गप्प बस. आईलाही गप्प बसव. वाडीत कोणाला बोलू नकोस. थोड्या दिवसांत मी गुपचूप तुमच्या एकट्या घरासाठी खास बाब म्हणून परवानगी काढून देतो. कुंपणाच्या आत, फाटकाजवळ एक कोपरा मिळेल. बाकीच्यांचं नंतर बघू.

माझी एवढी शपथ आहे तुला.

भाऊ


१२ जुलै

प्रिय भाऊ,

बघ, खेकड्या लिहिलं नाही. तू घाबरलेला असताना थट्टा करणं बरं नाही.

गप्प बसायला उशीर झाला. आईला गप्प बसवायचं तर तुझ्या खात्याला वेगळी समिती नेमावी लागेल. आणि कोपऱ्याचं म्हणशील तर, तारेच्या आत आम्ही एकटे राहायचं आणि तारेबाहेर आपलेच लोक पाण्यात उभे, हे तू कुठल्या तोंडाने लिहिलंस? आपल्या मागच्या ओळीत तुला पोहायला शिकवणारी मावशी राहते. पुढची पाळी तिची आहे. तिला मी फाटकातून हात हलवून दाखवू का?

मोजणी झाली. साहेबांनी स्वतः फीत धरली होती. आदेशाप्रमाणे कुंपण मागे घेणार म्हणाले. मी विचारलं, तुम्हाला वर काही विचारायला लागत नाही? म्हणाले, "आदेश स्पष्ट असेल तर मी विचारत नाही, पाळतो. विचारणा केली की सहा महिने जातात." कालपासून जवान खांब उपटतायत. वाडीतली माणसं मदतीला गेलीत. उतरवणं आणि हलवणं यात आपला हात कोणी धरू शकत नाही. त्यांचा हवालदार भावोजींना म्हणाला, तुम्ही सैन्यात का नाही आलात?

आम्हीही घर उतरवायला घेतलं. आज पत्रे उतरले, उद्या फळ्या, परवा खांब. आई मध्ये पलंगावर बसून सूचना देतेय, तिच्या डोक्यावर आता आभाळ आहे.

तुझ्याकडे एकच मागणं आहे आणि ते फार सोपं आहे. तू काही करू नकोस. काहीही नाही. फाईल उघडू नकोस, पेन उचलू नकोस, कोणाला भेटू नकोस. पुढचे पंधरा दिवस हात बांधून बस. तुमच्या खात्याला तेवढं छान जमतं असं आम्ही इतकी वर्षं ऐकत आलोय.

चौकशी लागली तर वाडी तुला सांभाळेल. घर तर आपण कुठेही मांडतो. हे मी मनापासून लिहितेय.

ताई


२४ जुलै

ती. ताई,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, पण फार उशिरा मिळालं. तोवर फाईल पुढे गेलेली होती, माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. एव्हाना शुद्धिपत्रक तळावर पोहोचलं असेल. त्याचा मजकूर तुला माहीत असावा म्हणून देतो: "आदेशातील भरतीची रेषा ही आदेशाच्या दिनांकास होती तेथेच आहे असे समजण्यात यावे. तिच्यात त्यानंतर झालेला कोणताही बदल ग्राह्य धरला जाणार नाही."

वाक्य तुला विचित्र वाटेल, पण कायद्यात असं समजावं लागतं. वरिष्ठांना ते फार आवडलं. राष्ट्राची सुरक्षा पाण्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, एवढं तुलाही पटेल.

उतरवलेलं घर पहिल्या जागी पुन्हा उभं करा, जोतं थोडं उंच घाला. थोड्या दिवसांत मी काहीतरी बघतो.

एक आनंदाची बातमी द्यायची राहिली. अवर सचिव झालो. घर बदललं, आता तळमजल्यावर आहोत, पुढे थोडं अंगणही आहे. आईला सांग. तुम्ही सगळे कधीही या, घर तुमचंच समजा.

तुझा भाऊ


१७ ऑगस्ट

प्रिय अवर सचिव,

अभिनंदन. आईला सांगितलं. तिने नटबोल्टांचा डबा पुढ्यात ओढला आणि नट मोजत बसली.

तुमचं शुद्धिपत्रक हेलिकॉप्टरने आलं. आमचं पत्र लाँचने चार-पाच दिवस हेलकावे खात जातं, आजारी माणूस होडीने जातो, पण तुझं एक वाक्य आकाशातून उतरलं. उतरताना त्याच्या पंख्याच्या वाऱ्याने आमचे रचून ठेवलेले पत्रे उडाले. दोन समुद्रात गेले, एक तुमच्या संरक्षित गवतात जाऊन पडला. तो आणायला भावोजी निघाले, तर जवानाने बंदूक उचलली. दोन दिवसांपूर्वी तोच पोरगा आमच्या चुलीपाशी बसून जेवला होता. त्याने मान खाली घातली, पण बंदूक खाली घेतली नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला, या वेळी टोपी काढली नाही. मला म्हणाले, "बाई, मला लाज वाटते, पण आदेश स्पष्ट आहे." अर्धे खांब मागे गेले होते, ते पुन्हा पुढे आणून रोवले. आमच्या लोकांनी या वेळी हात लावला नाही.

तुझं शुद्धिपत्रक आम्ही समुद्राला वाचून दाखवलं. मावशीने खड्या आवाजात वाचलं, की तू आदेशाच्या दिनांकास होतास तेथेच आहेस असे समजण्यात यावे. सगळी वाडी हसली. समुद्राला वाचता येत नसावं, किंवा त्याला तुझ्या खात्यात बढती नको असावी. अमावास्येला तो आला आणि आपली जागा घेऊन गेला. जोतं, चूल, ओटा, काही राहिलं नाही. घर वाहून गेलं नाही एवढंच, कारण ते उतरवलेलं होतं. फळ्या आणि खांब शाळेच्या व्हरांड्यात रचलेत, आणि आम्ही त्यांच्या शेजारी झोपतो. आईला रात्री खोकला येतो.

आता एक गोष्ट लिहिते, ती थट्टेने वाचू नकोस. माझं पत्र तुला उशिरा मिळालं असं तू लिहिलंस. लाँचवाल्याने ते शनिवारी तुझ्या हातात दिलं. तू त्याला बाहेरच थांबवून, उभ्या उभ्या वाचून, खिशात घातलंस, हे त्याने मला सांगितलं. शुद्धिपत्रकावर तारीख पुढच्या मंगळवारची आहे. तेही फाटकाशीच चौकटीत लावलंय, येता-जाता दिसतं. मी तुला काही करू नकोस म्हटलं होतं. तू आयुष्यात पहिल्यांदा इतक्या चपळाईने काहीतरी केलंस. भीती वाटली असेल, ते मला कळतं. पण खोटं बोललास त्याचा राग आलाय, आणि तो जाणार नाही. मी मोठी आहे म्हणून तो गिळणार नाही, सांगून ठेवते.

आम्ही शांतपणे विचार केला. तुझे कागद आता आम्हाला चांगले वाचता येतात. तू लिहिलं आहेस, "तुम्ही सगळे कधीही या, घर तुमचंच समजा." त्यात तारीख नाही, मर्यादा नाही, शुद्धिपत्रकही निघालेलं नाही. आणि आपला नियम तुला माहीतच आहे. पुढच्याला मागच्याने जागा द्यायची. आमच्या मागे सगळी ओळ होती, तिच्यामागे तू तार लावलीस. आता आमच्या मागे रांगेत तूच आहेस.

म्हणून शनिवारच्या लाँचने आम्ही येतोय. आई, भावोजी, मी, खांब, फळ्या, उरलेले पत्रे आणि नटबोल्टांचा डबा. अंगण आहे म्हणालास, ते झाडून ठेव. घर उभं करायला एक दिवस पुरतो, तुझे शेजारी बघायला आले तर त्यांनाही हाताशी घेऊ. कोणी विचारलं हे काय, तर सांग, आदेश आहे. तुला सवय आहे.

मावशीच्या दाराशी पाणी आलंय. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचंही घर उतरेल, मग तिच्या मागच्यांचं. ओळीने सगळ्यांना तुझा पत्ता लिहून दिलाय.

तुझी ताई